पोस्ट उडाली की पोहोच घटली? राजकीय पक्षपाताचा संशय कसा तपासायचा

राजकीय पोस्ट गायब झाली की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: कंपनी ‘त्यांच्या’ खिशात आहे. त्याच आठवड्यात समोरच्या पक्षाचे कार्यकर्तेही अगदी हेच म्हणत असतात. दोघांपैकी एक बरोबर असेल किंवा दोघेही चुकत असतील. ते ठरवायला लागणारी माहिती मात्र बहुतेक जण पहिल्या तासातच घालवून बसतात. एखादं पेज, छोटं साप्ताहिक, यूट्यूब चॅनेल किंवा संघटनेचं अकाउंट नव्याने सांभाळायला घेतलेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. पोस्ट परत मिळवणं आणि पक्षपात सिद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींची सुरुवात मात्र एकाच प्रश्नाने होते: हे नक्की कोणी केलं?

आधी पुरावा

नोटीस दिसली की ती बंद करू नका. संपूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे. ‘सविस्तर पाहा’ म्हणून जे बटण असेल ते दाबून आतली पानंही टिपा, कारण कोणत्या नियमाखाली कारवाई झाली ते बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतं. पोस्टची लिंक, मूळ मजकूर, फोटो किंवा व्हिडिओची फाइल आणि कंपनीकडून आलेला ईमेल हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. ईमेल स्पॅममध्येही शोधा. एक्सवरच्या (पूर्वीचं ट्विटर) कायदेशीर मागण्यांच्या सूचना बऱ्याचदा ईमेलवरच येतात, आणि जुन्या, वापरात नसलेल्या पत्त्यावर गेल्या तर महिनोन्‌महिने कोणाला पत्ता लागत नाही.

तोच मजकूर लगेच पुन्हा टाकू नका. उडवलेली गोष्ट परत चढवणं हे यंत्रणेच्या दृष्टीने दुसरं उल्लंघन. यूट्यूबवर पहिल्या चुकीला साधारणपणे ताकीद मिळते. त्यानंतर ९० दिवसांत तीन स्ट्राइक पडले की चॅनेलच बंद होतं. पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा आणि दुसऱ्याला दोन आठवडे अपलोड बंद. रागाच्या भरात केलेल्या दोन अपलोडनी प्रचाराचे शेवटचे पंधरा दिवस वाया जातात.

यानंतर एक साधी चाचणी. लिंक तीन ठिकाणांहून उघडून बघा: तुमच्याच फोनवर लॉगआउट करून, भारतातल्या दुसऱ्या कोणाच्या अकाउंटवरून, आणि परदेशातल्या कोणाकडून. दुबईतला मामेभाऊ किंवा न्यू जर्सीतली मैत्रीण इथे खरंच उपयोगी पडते. त्यांना विचारायचं ते एवढंच: लिंक उघडते का, आणि नसेल तर पडद्यावर शब्दशः काय दिसतं? त्याचा स्क्रीनशॉट मागवा.

कोणी उडवलं?

परदेशात दिसतंय आणि भारतात नाही, असं असेल तर बहुधा ही कंपनीच्या नियमांची कारवाई नाही, भारतातल्या कायदेशीर मागणीची आहे. एक्सवर अशा अकाउंटच्या जागी ‘कायदेशीर मागणीनुसार भारतात रोखलेलं’ या अर्थाची पाटी दिसते. यूट्यूबवर राष्ट्रीय सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेशी संबंधित सरकारी आदेशामुळे या देशात उपलब्ध नाही, असं वाक्य येतं. दोन्हीकडूनही दिसत नसेल तर कंपनीने स्वतःच्या नियमावलीनुसार काढलं असण्याची शक्यता जास्त.

सरकारी आदेशाचे मुख्य मार्ग दोन, आणि ते एकमेकांत मिसळू नयेत.

पहिला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ चा. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा मोजक्या कारणांसाठी केंद्र सरकार मजकूर रोखायला सांगू शकतं. त्याची कार्यपद्धती २००९ च्या नियमांत आहे. त्यातला १६ वा नियम गोपनीयतेचा, त्यामुळे आदेशाची प्रत सहसा हाती लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांसाठी शिक्षा सांगणारं कलम ६६अ रद्द केलं, पण ६९अ कायम ठेवलं. ते टिकलं याचं एक कारण म्हणजे आदेशाची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना न्यायालयात आव्हान देता येतं. म्हणून प्रत मागायची सवय सोडू नका. हुंडापद्धतीची खिल्ली उडवणारं एक संकेतस्थळ २०१८ मध्ये रोखलं गेलं होतं. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या निर्मात्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी देण्यास सांगितलं. मागितलं म्हणून मिळालं.

दुसरा मार्ग कलम ७९(३)(ब) चा. यात ‘हा मजकूर बेकायदा आहे’ अशी सूचना कंपनीला जाते. ती पाळली नाही तर वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी कंपनीला मिळणारं कायदेशीर संरक्षण धोक्यात येतं. अशा सूचना ऑक्टोबर २०२४ पासून केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून जाऊ लागल्या. एक्सने त्याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ती याचिका २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. पुढच्याच महिन्यात नियम बदलले. १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना सहसचिव किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडूनच जाऊ शकते, पोलिसांच्या बाबतीत उपमहानिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या. कायदेशीर आधार आणि नेमकी लिंकही त्यात द्यावी लागते. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. कंपनीला पत्र लिहून चार गोष्टी मागा: कोणतं कलम, कोणत्या दर्जाचा अधिकारी, सूचनेची तारीख, आणि पूर्ण अकाउंटवर कारवाई आहे की एकाच लिंकवर. नाव सांगणार नाहीत, पण कलम कळलं तरी पुढचा रस्ता ठरतो.

इथे नवख्यांची एक हमखास चूक होते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेकचा ‘खोटं’ असा शिक्का पडला म्हणजे पोस्ट बेकायदा झाली, असं समजून लोक स्वतःच ती काढून टाकतात. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी कक्षाला देणारी दुरुस्ती एप्रिल २०२३ मध्ये आली होती. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. तिसऱ्या न्यायमूर्तींनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. असा शिक्का हे सरकारचं म्हणणं आहे. त्यावर पुराव्यानिशी उत्तर देता येतं.

कंपनीने काढलं असेल तर अपील

अपिलाच्या चौकटीत जागा थोडी असते आणि वाचणाऱ्याकडे वेळ त्याहून थोडा. ‘हा लोकशाहीचा खून आहे’ या वाक्याने काहीही हलत नाही. चार वाक्यं पुरतात: कोणत्या नियमाखाली काढलं, त्या नियमात नेमकं काय निषिद्ध आहे, तुमच्या पोस्टमध्ये ते का नाही, आणि संदर्भ काय.

संदर्भाचं वाक्य मराठी पोस्टच्या बाबतीत निर्णायक ठरतं. आपली निवडणुकीची भाषा कुस्तीच्या आखाड्यातली आहे: धूळ चारू, पाणी पाजू, अस्मान दाखवू. स्वयंचलित छाननीला किंवा दुसऱ्या भाषेतून तपासणाऱ्याला यात मारहाणीची धमकी दिसू शकते. म्हणून असं लिहा: “ही पोस्ट हिंसाचाराच्या धमकीच्या नियमाखाली काढली आहे. ‘धूळ चारू’ म्हणजे निवडणुकीत पराभव करू. पोस्टमध्ये मतदानाची तारीख आणि उमेदवाराचं चिन्ह आहे. कोणत्याही व्यक्तीला इजा करण्याचं आवाहन नाही.” द्वेषपूर्ण वक्तव्याचा निषेध करायला तेच वक्तव्य जसंच्या तसं चिकटवलं असेल तर निषेधाचं वाक्य पहिल्या ओळीत असावं. ते फक्त व्हिडिओच्या शेवटी असलं की पोस्ट उडते.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर अपील फेटाळलं गेलं तर संदर्भ क्रमांक मिळू शकतो. त्यावर ओव्हरसाइट बोर्डाकडे, म्हणजे या दोन्हींची मालक कंपनी मेटाचे निर्णय तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळाकडे, १५ दिवसांत जाता येतं. मंडळ फार थोडी प्रकरणं घेतं, आणि स्थानिक कायद्यामुळे काढलेल्या मजकुराकडे बघत नाही. तरी अर्ज करावा, कारण त्याने होणारी फेरतपासणीच कधीकधी काम करून जाते. पंजाबीतलं एक प्रकरण इथे नीट बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एका वापरकर्त्याने ग्लोबल पंजाब टीव्हीची १७ मिनिटांची मुलाखत फेसबुकवर शेअर केली, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि पंतप्रधानांवर टीका करणारी. धोकादायक व्यक्ती आणि संघटनांच्या नियमाखाली ती काढली गेली. कोविडमुळे मनुष्यबळ कमी असल्याचं सांगून अपील तपासलंच गेलं नाही. मंडळाने प्रकरण निवडल्यावर कंपनीच्या लक्षात आलं की ती काढायलाच नको होती. एप्रिल २०२१ च्या निर्णयात मंडळाने नियमावली पंजाबीत उपलब्ध करायला सांगितलंच, शिवाय चुकीच्या कारवायांचं प्रमाण देशवार आणि भाषावार जाहीर करायलाही सांगितलं. आपल्या विषयाचा गाभा या शिफारशीत आहे. सत्ताधाऱ्यांवरची टीका उडाली, म्हणजे बाहेरून दिसायला पक्षपात. आतून कबूल झाली ती चूक. मराठीत अशा चुका किती होतात हा आकडा समोर नसेल, तर पक्षपात आणि हलगर्जी यांत बाहेरच्या माणसाला फरक करता येत नाही. हा आकडा मागत राहणं आपल्या सगळ्यांचं काम आहे.

तक्रार अधिकारी आणि अपील समिती

कंपनीच्या अ‍ॅपमधलं अपील ही एक गोष्ट, आणि भारतीय नियमांखालची तक्रार ही दुसरी. २०२१ च्या नियमांनुसार भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या सोशल मीडिया कंपनीला इथला निवासी तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचा पत्ता आणि ईमेल कंपनीच्या साइटवर असतो. तक्रारीची पोच २४ तासांत मिळायला हवी. निकालाची मुदत मूळ नियमांत १५ दिवसांची होती. या मुदती दुरुस्त्यांमधून बदलल्या आहेत, म्हणून तक्रार करायच्या दिवशी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या साइटवरची ताजी प्रत उघडून मुदत बघा आणि पत्रात ती लिहा.

पत्रात नियम ४(८) चा उल्लेख करा. मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्याला कारणासह आधी कळवावं आणि दाद मागण्याची वाजवी संधी द्यावी, असं तो सांगतो. ‘आमच्या मानकांचं उल्लंघन’ हे कारण या कसोटीला उतरत नाही, हे स्पष्ट लिहा.

अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. पत्ता: जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन. वकील लागत नाही. मूळ पोस्ट, कंपनीची नोटीस, तुमची तक्रार आणि अधिकाऱ्याचं उत्तर हे चार कागद तारखांच्या क्रमाने जोडा. समितीने ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं नियम म्हणतो. या समित्या केंद्र सरकारच नेमतं, आणि केंद्राच्या आदेशाने रोखलेल्या मजकुरासाठी तिथे फारशी आशा ठेवू नये. त्या बाबतीत उच्च न्यायालय हाच खरा मार्ग आहे.

युरोपीय संघातल्या देशांत राहणाऱ्या मराठी माणसांची बाजू थोडी भक्कम आहे. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार प्रत्येक कारवाईचं कारण द्यावं लागतं आणि कोर्टाबाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडे दाद मागता येते. कारणांची नोंद सप्टेंबर २०२३ पासून सार्वजनिक माहितीसाठ्यात जाते. तिथे मूळ पोस्ट नसते, पण निर्णय यंत्राने घेतला का हे कळतं.

पोहोच घटली असेल तर

शॅडोबॅन, म्हणजे न सांगता गुपचूप पोहोच दाबणं, हा शब्द लोक पटकन वापरतात. आधी इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट स्टेटस बघा. न फॉलो करणाऱ्यांना तुमचा मजकूर सुचवला जातो की नाही हे तिथे लिहिलेलं असतं. मग इनसाइट्समध्ये (अकाउंटच्या आकडेवारीच्या पानावर) फॉलो न करणाऱ्यांकडून आलेला वाटा काढा. घटण्याआधीच्या २० आणि नंतरच्या २० पोस्ट घ्या, एकाच प्रकारच्या: रील असतील तर सगळ्या रीलच. सरासरी काढू नका. एक व्हायरल पोस्ट सगळी सरासरी फुगवते. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. सगळ्याच पोस्टचा, अगदी वाढदिवसाच्या शुभेच्छांचाही आकडा घसरला असेल तर अल्गोरिदम बदलल्याची किंवा प्रेक्षक कंटाळल्याची शक्यता जास्त. फक्त राजकीय पोस्टचा घसरला असेल तरी तो तुमच्या पक्षापुरता आहे असं होत नाही. मेटाने फेब्रुवारी २०२४ मध्ये इन्स्टाग्राम आणि थ्रेड्सवर राजकीय मजकूर आपणहून सुचवणं बंद करण्याचं जाहीर केलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते धोरण मागे घेतलं. त्या काळात सगळ्या रंगांचे झेंडे एकदम खाली आले होते.

पक्षपात मोजायचा कसा

इथे सर्वांत जास्त गफलत होते, म्हणून थोडं थांबू. ‘आमच्या २० पोस्ट उडाल्या, त्यांच्या ५’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. समजा तुमच्या बाजूने नियमात न बसणाऱ्या ४०० पोस्ट टाकल्या आणि समोरच्यांनी १००. मग दोन्हीकडे कारवाईचं प्रमाण ५ टक्केच आहे. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीनंतर ट्रम्प समर्थक हॅशटॅग वापरणारी ट्विटर अकाउंट बायडेन समर्थकांपेक्षा बरीच जास्त बंद झाली. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं की त्या गटातून निकृष्ट दर्जाच्या बातम्याही जास्त शेअर होत होत्या. त्यामुळे नियम तटस्थपणे लावले असते तरी असाच फरक पडू शकला असता. याने कंपनी निष्पक्ष होती हे सिद्ध होत नाही. फक्त बंद अकाउंट मोजून पक्षपात सिद्ध होत नाही, एवढं मात्र होतं.

काय मोजता यावरही उत्तर पालटतं. १ एप्रिल २०१९ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, फेसबुकने संगनमताने चालवलेल्या बनावट वर्तनाबद्दल भारतातल्या दोन जाळ्यांवर कारवाई जाहीर केली. एक काँग्रेसच्या आयटी सेलशी संबंधित व्यक्तींचं, त्यात १३८ पेजेस आणि ५४९ अकाउंट. दुसरं सिल्व्हर टच या आयटी कंपनीशी संबंधित व्यक्तींचं, भाजपच्या बाजूचा मजकूर टाकणारं, त्यात एक पेज, १२ अकाउंट, एक ग्रुप आणि एक इन्स्टाग्राम अकाउंट. ६८७ विरुद्ध १५ असे मथळे झाले. फॉलोअर्स मोजले तर पहिल्या जाळ्यामागे सुमारे २ लाख ६ हजार, दुसऱ्यातल्या एका पेजमागे सुमारे २६ लाख. जाहिरातींवरचा खर्चही पहिल्याचा सुमारे ३९ हजार डॉलर आणि दुसऱ्याचा सुमारे ७० हजार डॉलर. कारवाई कोणावर ‘मोठी’ झाली, हे तुम्ही कोणता आकडा उचलता त्यावर ठरतं. म्हणून दोन्ही आकडे द्या.

स्वतः तपासायचं तर रीत अशी. दोन बाजूंची प्रत्येकी २० पेजेस निवडा, फॉलोअर्सची संख्या, भाषा आणि मजकुराचा प्रकार जुळवून. निवड कारवाई व्हायच्या आधी करा. उडालेल्या पोस्ट गोळा करून मागे गेलात तर ओरडणाऱ्यांचेच नमुने हाती येतात. आठ आठवडे रोज ठरलेल्या वेळी नव्या लिंक आणि त्यांचे स्क्रीनशॉट वहीत किंवा शीटवर उतरवा, आणि सात दिवसांनी प्रत्येक लिंक पुन्हा उघडा. हे हाताने करावं लागतं. सार्वजनिक पोस्टचा माग ठेवणारं क्राउडटँगल हे साधन मेटाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केलं, आणि त्याच्या जागी आलेली कंटेंट लायब्ररी विद्यापीठं आणि ना-नफा संस्थांच्या संशोधकांपुरती आहे. लिंक मेली म्हणजे कंपनीने उडवली असं नाही. पेजवाल्यानेच डिलीट केली असेल, म्हणून ‘कारण अज्ञात’ हा रकाना वेगळा ठेवा. मग पेजचं नाव, नेता आणि चिन्ह झाकून दोन माणसांना स्वतंत्रपणे ठरवायला सांगा: ही पोस्ट कंपनीच्या लिखित नियमात बसते का? दोघांचं दहापैकी आठ वेळाही जुळत नसेल तर तुमची कसोटीच धूसर आहे, आकडे काढू नका. जुळत असेल तर खरी तुलना अशी करा: नियमात बसणाऱ्या पोस्टपैकी कोणाच्या किती उडाल्या, आणि नियम मोडणाऱ्यांपैकी कोणाच्या किती शाबूत राहिल्या. दुसरा आकडा लोक विसरतात. कोणाला सांभाळून घेतलं गेलं हे त्यातूनच कळतं. मेटाच्या ‘क्रॉस-चेक’ व्यवस्थेत बड्या अकाउंटना वेगळी, सौम्य वागणूक मिळत असे, ही बाब २०२१ मध्ये कंपनीच्या बाहेर फुटलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून उघड झाली.

अहवाल वाचताना

भारतासाठीचा मासिक अहवाल कंपन्यांना द्यावाच लागतो. त्यात तक्रारी, कारवाई आणि स्वयंचलितपणे काढलेल्या मजकुराचे आकडे असतात. पक्ष, भाषा किंवा राज्य यांचा रकाना नसतो, त्यामुळे ‘अहवालानुसार पक्षपात नाही’ आणि ‘अहवालानुसार पक्षपात आहे’ ही दोन्ही वाक्यं चूक. सरकारी मागण्यांसाठी गूगलचा पारदर्शकता अहवाल उघडा, तिथे देशवार आणि कारणवार फोड मिळते. हार्वर्डमधल्या बर्कमन क्लाइन केंद्राच्या ल्युमेन माहितीसाठ्यात काही प्रत्यक्ष मागणीपत्रं असतात. एक्सने मात्र २०२३ मध्ये तिथे पत्रं पाठवणं थांबवलं, तेव्हा त्यानंतरचा शुकशुकाट मागण्या कमी झाल्याचं लक्षण समजू नका. ६९अ चे एकूण आकडे संसदेतल्या उत्तरांत सापडतात. २०१९ मध्ये ३,६३५ आणि २०२० मध्ये ९,८४९ लिंक रोखल्या गेल्या. कोणत्या, ते त्यात नसतं.

दावा जाहीर करताना

बातमी किंवा पोस्ट लिहाल तेव्हा तीन पायऱ्या वेगळ्या ठेवा. ‘ही पोस्ट काढली गेली’ हे वाक्य स्क्रीनशॉटवर उभं राहतं. ‘ती नियमात बसत होती’ यासाठी नियमाचं कलम आणि झाकून केलेली तपासणी लागते. ‘ती राजकीय कारणासाठी काढली’ यासाठी दुसऱ्या बाजूच्या तशाच पोस्टशी तुलना किंवा आदेशाची प्रत लागते. हाती जेवढं आहे तेवढ्याच पायरीवर थांबा. कंपनीला प्रश्न पाठवून किमान दोन कामाचे दिवस द्या आणि आलेलं उत्तर पूर्ण छापा. अपील मंजूर होऊन पोस्ट परत आली तर ती कधी आली तेही नोंदवा. मतदानाआधी उडालेली पोस्ट निकालानंतर परत आली, तर नुकसान त्या दोन तारखांमधल्या दिवसांत झालेलं असतं.